पाऊणकी : भरती-ओहोटीच्या प्रोग्रामच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२५, बुधवार. कार्तिक पौर्णिमा

आजपासून ‘पाऊणकी’चं काम सुरू केलं. एकच फाइल. सर्व्हर नाही, लॉगिन नाही, रेंज नसली तरी चालायला हवं. तारीख द्यायची आणि अलिबाग ते हर्णै या पट्ट्यातल्या भरती-ओहोटीच्या वेळा घ्यायच्या. त्याच पडद्यावर शेजारी किनाऱ्यावरच्या जुन्या हिशेबाचं उत्तरही दिसलं पाहिजे: तिथीची पाऊणपट. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्या सुमाराला पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. तिथून सहा तासांहून थोडं पुढे गेलं की ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजायचं प्रतिपदेपासून. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी हे पाव, अर्ध्या आणि पाऊणचे पाढे घोकलेल्या पिढीला हे चालता चालता यायचं.

दोन्ही उत्तरं शेजारी का हवीत, ते आजच लिहून ठेवते. डोक्यात मावणारा हिशेब कुठपर्यंत पुरतो आणि यंत्राची गरज कुठे सुरू होते, ही रेषा मला पाहायची आहे. नोकरीत मी जे लिहिते ते कधी पूर्ण होत नाही. दर पंधरवड्याला त्यात काहीतरी जोडलं जातं आणि वापरणाऱ्याला पुन्हा नव्याने शिकावं लागतं. भरती-ओहोटीच्या मागच्या खगोलीय गती मात्र ठरलेल्या आहेत. हा प्रोग्राम एकदा नीट लिहिला की वर्षानुवर्षं तसाच चालू शकेल. पूर्ण होणारी वस्तू बनवायची माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आजची पौर्णिमा या वर्षातली सर्वात मोठ्या चंद्राची: अंतर ३ लाख ५७ हजार किलोमीटरहूनही थोडं कमी. उधाण जोरदार असणार. मी पुण्यात आहे, ते बघता येणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

गणिताचा दिवस. पाण्याची पातळी म्हणजे बऱ्याच नियमित लाटांची बेरीज. सर्वात मोठी लाट चंद्राची, १२.४२ तासांची, तिला एम-२ म्हणतात. दुसरी सूर्याची, बरोबर १२ तासांची, एस-२. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार, म्हणून १२.६६ तासांची एन-२. शिवाय दिवसाला एकदाच येणाऱ्या दोन, के-१ आणि ओ-१. त्यांच्यामुळे दिवसाची आणि रात्रीची भरती सारख्या उंचीची नसते. मुंबईला एम-२ची उंची सव्वा मीटरच्या आसपास, एस-२ची तिच्या साधारण दोन पंचमांश. दोन्ही एका दिशेला लागल्या की उधाण, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सर्वात मोठा; एकमेकींच्या विरुद्ध गेल्या की भांग, म्हणजे चढ-उतार सर्वात कमी.

ही पद्धत विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, १८६७ च्या सुमारास मांडली आणि १८७२-७३ मध्ये तिचं यंत्रही बनवून घेतलं. प्रत्येक लाटेसाठी एक कप्पी, तिच्या तिच्या गतीने वर-खाली होणारी. सगळ्या कप्प्यांवरून एकच दोर ओवलेला, टोकाला लेखणी. हातदांडा फिरवला की कागदावर पुढच्या वर्षाचा समुद्र उमटतो. भारतीय बंदरांसाठी १८७९ मध्ये लंडनमध्ये असंच एक यंत्र तयार झालं आणि एडवर्ड रॉबर्ट्स ते चालवत. मुंबईच्या अपोलो बंदरच्या पाणीपातळीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. म्हणजे आज माझा लॅपटॉप जे करतो त्याचा कच्चा माल आणि रीत, दोन्ही दीडशे वर्षांपूर्वीच तयार होती.

माझ्याकडे कप्प्यांऐवजी एक लूप: उंची गुणिले कोसाइन, सगळ्यांची बेरीज. इतरांच्या तयार कोडची कोणतीही लायब्ररी घेतलेली नाही. पूर्ण कोड एका बैठकीत वाचून समजला पाहिजे, ही अट मी पाळणार आहे. जो हिशेब उघडून बघता येतो त्याच्यावर भरवसा ठेवायचा की नाही, हे माणूस स्वतः ठरवू शकतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मुंबईच्या वर्षभराच्या तासागणिक पातळीवरून लाटांच्या उंच्या आणि कला (कोणती लाट कधी शिखराला पोचते ते) काढल्या. न्यूनतम वर्गांची पद्धत, म्हणजे नोंदींशी कमीत कमी चूक राहील असे आकडे शोधायचे; त्यात नवीन काही नाही. डोक्यात राहिलं ते दुसरंच.

एम-२ आणि एस-२ वेगळ्या ओळखायच्या तर किमान १४.७७ दिवसांच्या नोंदी लागतात, कारण तेवढ्या काळात एक लाट दुसरीच्या पूर्ण एक फेरा मागे पडते. एन-२ वेगळी काढायला २७.५५ दिवस. दैनिक लाटांमधली एक जोडी तर अर्ध्या वर्षाशिवाय सुटत नाही. इथे उपकरण चांगलं असून भागत नाही. दर सेकंदाला एक नोंद घेतली तरी आठवड्याभरात चंद्र आणि सूर्य वेगळे निघत नाहीत. तासाला एकच नोंद घ्या, पण पंधरवडा थांबा, आणि ते निघतात.

डिसेंबरच्या प्रवासाचा माझा आराखडा मुंबईपासून गोव्यापर्यंत होता, जवळपास रोज नवं गाव. कारणही होतं: खंभातच्या आखातात पाणी दहा मीटरहून जास्त चढतं-उतरतं, मुंबईला उधाणात पाचाच्या जवळपास, गोव्यात दोनच्या आसपास. हा उतार दक्षिणेकडे जाता जाता डोळ्यांनी बघायचा होता. आज तो आराखडा मोडला. अलिबाग, हरिहरेश्वर, मग हर्णैला पंधरवडाभर मुक्काम. ऑफिसचं काम तिथूनच करेन. रोज नवं गाव बघणं म्हणजे नोंदींची संख्या वाढवणं, आणि संख्या वाढवून काय दिसत नाही ते मला आज आकड्यांनीच दाखवलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाऊणपटीचा नियम तपासला. तीस तिथींत भरतीची वेळ घड्याळाचा पूर्ण चोवीस तासांचा फेरा करते, म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटं. नियम ४५ धरतो. पंधरा तिथींत तीन-तीन मिनिटं साचून पाऊण तास होतो आणि नव्या पक्षाच्या प्रतिपदेला नियम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. साचलेली चूक दर पंधरवड्याला आपोआप पुसली जाते. कागद-पेन्सिल न घेता वापरायच्या हिशेबात एवढी सोय कुणी घडवली असेल, त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. ४८ने गुणणं जड, पाऊणपट सोपी. आणि सोपेपणाची किंमत पाऊण तासाच्या आत बांधून टाकलेली.

खरी अडचण सरासरीची आहे. उधाणाच्या दिवसांत पाणी रोज चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनीच पुढे सरकतं, भांगात तासाहून जास्त. म्हणून उधाण सरल्यावर भांगापर्यंत नियम प्रत्यक्षापेक्षा उशिराची वेळ सांगतो आणि भांगाकडून पुन्हा उधाणाकडे जाताना लवकरची. तिथी स्वतःही सारख्या लांबीची नसते, साधारण वीस तासांपासून जवळपास सत्तावीस तासांपर्यंत. हा सगळा फरक पडद्यावर दाखवायचा. एक उत्तर खोडून दुसरं खरं, अशी मांडणी करायची नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. अलिबाग. देवदिवाळी

काल गेटवेवरून मांडव्याला बोट, तिथून अलिबाग. आज पहाटे कुलाबा किल्ल्याकडे वाळूतून चालत गेले. प्रतिपदा, नियमाने भरती पाऊणला, म्हणून ओहोटी सातच्या सुमाराला. झुंजुमुंजू होताना पाणी पार मागे गेलेलं. अमावास्येचं उधाण असलं तरी चंद्र या वेळी पृथ्वीपासून लांब आहे, त्यामुळे पंधरवड्यापूर्वीच्या पौर्णिमेइतका जोर नाही. तरी किल्ल्यापर्यंत कोरड्यातून जाता आलं, मधे कुठे कुठे घोट्याएवढं पाणी.

एक गोष्ट गणितात होती, पण पायांना आज कळली. सूर्याची लाट घड्याळाला बांधलेली असल्यामुळे उधाण कायम त्याच वेळी येतं. या किनाऱ्यावर उधाणाची भरती बाराच्या आसपास, म्हणून सर्वात मोठी ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास. कधीच भर दुपारी नाही. दुपारी ओहोटी येते ती भांगाची, आणि तेव्हा पाणी फारसं हटत नाही. दिवसभरासाठी आलेला पर्यटक दुपारी किल्ल्याकडे बघतो तेव्हा एक तर मधे भरती असते, नाहीतर भांगाची अर्धवट ओहोटी. मग घोडागाडी किंवा थांबणं. कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढणाऱ्या बायका मात्र अंधार असतानाच खडकांवर पोचलेल्या होत्या. हातात कोयती, कमरेला पाटी. त्यांतल्या एकीला विचारलं, रोज याच वेळेला येता का? “रोज कुठून गं बाई! उधाणाचे चार-पाच दिस. मग भांग लागला की खडकच उघडे पडत नाहीत.”

कामाचे दिवस समुद्राने ठरवायचे आणि उरलेले आपले. त्यांच्या कष्टांचं मला कौतुक करत बसायचं नाही, ते काम हात सोलवटून काढणारं आहे. पण ‘आज नाही’ असं ठामपणे सांगणारी एक गोष्ट त्यांच्या आठवड्यात आहे. माझ्या आठवड्यात नाही. ती मला कुठूनतरी आणायला हवी.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. हरिहरेश्वर. अष्टमी

अलिबागहून एसटीने मुरूड, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, पुढे श्रीवर्धन. राजपुरीच्या खाडीत फेरीबोटीचा उतरता फळा भरतीला धक्क्यावर जवळजवळ सपाट टेकतो आणि ओहोटीला तीव्र उताराने. खाली गाड्या उतरवणारा पोऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला वेगळी सूचना देत होता. कुठेही तक्ता टांगलेला नाही, त्याने फक्त पाण्याकडे बघितलं.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा डोंगराच्या पायऱ्या उतरून समुद्राच्या खडकांवरून होते आणि ती ओहोटीतच करायची. आज अष्टमी, भांग. दुपारच्या आत ओहोटी, पण पाणी आळसावल्यासारखं जेमतेम मागे हटलेलं, लाटा खडकांच्या टोकांना भिजवत होत्या. मी पायऱ्यांवरून परत फिरले. प्रोग्रामसाठी आजची शिकवण: नुसती ‘ओहोटी ११ वाजता’ ही माहिती धोक्याची आहे. किती ओहोटी, हे त्याच ओळीत आलं पाहिजे. उंचीचा आकडा बहुतेकांना काही सांगत नाही, म्हणून शब्द: ‘मोठी’, ‘मध्यम’, ‘भांगाची’.

पाणी कोणत्या तासाला किती चढतं, तेही दाखवायचं. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. खडकांवर अडकणारे लोक बहुधा याच दोन तासांत अडकत असावेत: पहिला तास निवांत जातो आणि पुढचेही तसेच जातील असं वाटतं.

ज्यांच्याकडे उतरले आहे त्या काकूंनी ३ जून २०२० ची गोष्ट सांगितली. निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. वाडीतल्या सुपाऱ्या-माड आडवे झाले, वीज गेली, टॉवर गेले. “मोबाईल म्हणजे नुसती बॅटरी झाली होती, ताई. दिवा म्हणून लावायचो, तोही जपून.” नेटवर्क नसताना चालणं ही मी तांत्रिक हौस म्हणून घातलेली अट नाही, हे त्यांच्या ओटीवर बसून लिहिते आहे. दुसरी अट आज वाढली: महिन्याचा तक्ता एका कागदावर छापता आला पाहिजे.

१ डिसेंबर, सोमवार. हर्णै. एकादशी

बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट, खाली सावित्रीची रुंद खाडी, मग केळशी-आंजर्ल्यावरून इथे. समोर सुवर्णदुर्ग. जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांतला हा एक. बंदरावरचा लिलाव सुरू झाला की बोलायला कुणाला वेळ नसतो. तो आटोपल्यावर एका म्हाताऱ्या तांडेलमामांजवळ (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) बसले. पाऊणपट त्यांना पाठ आहे. भांगात ती चुकते का, विचारलं.

“चुकत नाय. ती तुला बंदरात आणून सोडते. पुढं डोळे आहेत की.” आणि त्यांनी नांगरलेल्या होड्या दाखवल्या. वारा पडलेला असला की होडीचं तोंड प्रवाहाकडे असतं. पाणी फिरलं की सगळ्या होड्या एकेक करून तोंड फिरवतात. “ही समोरची फिरली की बाकीच्यांना पाव घंटा.”

मी विचारत होते ती रेषा त्यांच्यासाठी अशी आहे. नियम सुरुवात देतो, नजर दुरुस्ती करते. माझा प्रोग्राम नियमापेक्षा अचूक असेल, पण तो नजरेची जागा घ्यायला लागला तर मी वाईट वस्तू बनवली असं समजेन.

जेटीच्या खांबाला विचारून एक बांबू बांधला, दहा-दहा सेंटीमीटरवर रंगाच्या खुणा. पूर्ण भरतीची वेळ आणि उंची टिपायची, जमेल तेव्हा रात्रीचीही.

६ डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती परवा झाली. सर्वात मोठं पाणी पौर्णिमेला येत नाही, त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतं. बांबूवर ते स्पष्ट दिसलं. रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा चांगली वीतभर वर. हे हिवाळ्याचं. पावसाळ्यात उलट असतं, म्हणून मुंबई तुंबते तेव्हाच्या मोठ्या भरत्या दुपारच्या असतात. दिवस-रात्रीचा हा फरक सध्या जास्त आहे, कारण चंद्राच्या कक्षेचं १८.६ वर्षांचं चक्र आत्ता त्या टोकाला आहे. याच चक्रात एम-२ मात्र या वर्षाच्या आसपास सर्वात दुबळी असते आणि २०३४ च्या सुमाराला सर्वात बळकट होईल. कोडमध्ये ही दुरुस्ती घातली.

घरमालकिणीचा नातू, सातवीतला, संध्याकाळची नोंद घेतो. त्याने स्वतःच वहीत ‘वारा’ असा नवा रकाना आखला. मी सांगितलं नव्हतं. प्रोग्राममध्ये वाऱ्याचा आणि हवेच्या दाबाचा हिशेब नाही, हे प्रत्येक पानावर ठळक लिहायचं ठरलं, ते त्या रकान्यामुळे.

१६ डिसेंबर, मंगळवार

पंधरवडा भरला. बांबूच्या नोंदींतून चंद्र-सूर्याच्या लाटा वेगळ्या काढल्या. हर्णैची भरती मुंबईच्या आधी येते आणि थोडी ठेंगणी असते. अरबी समुद्रातली भरती या किनाऱ्याने दक्षिणेकडून वर सरकत जाते, तसंच. दोन लाटांचं गुणोत्तर मुंबईच्या जवळपास निघालं. एका बांबूवर आणि एका वहीवर. मला झालेला आनंद इथे लपवत नाही.

आणि राहण्याबद्दल. ऑफिसच्या बैठका घड्याळाच्या ठरल्या वेळी, त्या चुकवल्या नाहीत. पण दिवसातला मोकळा वेळ पाण्यामागे रोज थोडा पुढे सरकत गेला. एका आठवड्यात सकाळी चालणं, पुढच्यात संध्याकाळी. कंटाळा आला नाही, कारण कोणताच दिवस आदल्या दिवसाच्या साच्यात बसत नव्हता आणि तरीही प्रत्येक दिवस आधी ठाऊक होता. चांगल्या जगण्याविषयी मी शहरात बऱ्याच योजना आखल्या: सवयींचे तक्ते, पहाटेचे गजर, मोजणारी घड्याळं. त्या सगळ्यांत दिवसाचा मालक मी होते आणि मीच थकत होते. इथे मला एका मोठ्या चक्राशी जुळवून घ्यायचं होतं, एवढंच. झोप लागली. वाचन झालं. मासे कोणते घ्यायचे हे विचारण्याइतकी ओळख झाली. ती चौथ्या-पाचव्या दिवसानंतरच झाली, आधी नाही.

२० डिसेंबर, शनिवार. पुणे

पडदा ठरला. वर तिथी, खाली दोन ओळी: ‘पाऊणपट’ आणि ‘लाटांची बेरीज’. वेळेच्या पुढे नेहमी ‘सुमारे’ आणि किती मिनिटांचा फरक पडू शकतो ते. सूचना, घंटी, लाल ठिपका यातलं काही नाही. ज्याला पाणी हवं आहे तो स्वतः उघडून बघेल. भाषा मराठी, वेळ भारतीय प्रमाणवेळ, निवडायला पर्याय नाहीत. एका मित्राने सुचवलं, ठिकाण जीपीएसने आपोआप घे. नाही घेतलं. गावाचं नाव माणसाने निवडावं. उद्या जायचं आहे त्या गावाचं पाणी आज घरी बसून बघणं, हाच तर बहुतेकदा उपयोग.

३ जानेवारी २०२६, शनिवार. पौष पौर्णिमा

पहिली आवृत्ती तयार. हर्णैच्या मुलाच्या आजीच्या फोनवर पाठवली, हरिहरेश्वरच्या काकूंना जानेवारीचा तक्ता कागदावर पोस्टाने. मुलाचा निरोप: पाऊणपटीची ओळ वर ठेव, आजोबा तीच आधी बघतात. वर ठेवली.

बाकी राहिलेलं: रत्नागिरी आणि देवगड. मुंबईचे आकडे तिथे ओढून नेणं मला पटत नाही. १ जूनला मासेमारीबंदी लागते, ३१ जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यावर असतात आणि वाऱ्याने पाणीही नोंदीलायक राहत नाही. म्हणून एप्रिलमध्ये देवगडला पंधरवडा. खोलीची चौकशी केली आहे. बांबू तिथेच मिळेल.